अभिजीत सावंत, जकार्ता आणि दोन नावांचं मत

‘इंडियन आयडॉल’चा पहिला विजेता अभिजीत सावंत सगळ्यांना आठवतो. मार्च २००५ ची ती रात्र! पण हाच मराठी मुलगा डिसेंबर २००७ मध्ये जकार्ताला ‘एशियन आयडॉल’च्या मंचावर भारताकडून गायला, हे आमच्या राणीसावरगावात आजही सांगावं लागतं.

मी तेव्हा वहीत गाणी, गायक, निकाल असं सगळं टिपून ठेवायचो. गंगाखेडच्या बाजारातून पेपर आणून कात्रणं चिकटवायची, हाही उद्योग होताच.

सहा देश, सहा विजेते: भारत, इंडोनेशिया, मलेशिया, फिलिपिन्स, सिंगापूर, व्हिएतनाम. गंमत मतदानात होती. एसएमएसमध्ये एक नव्हे, दोन नावं द्यायची. नाहीतर मत बाद. आपल्या माणसाला मत देणारच, पण दुसरं कुणाला? तिथंच खरा खेळ. चिमुकल्या सिंगापूरचा हादी मिर्झा जिंकला! यजमान इंडोनेशियाचा माइक मोहेडे मागं राहिला. तेव्हा मी चिडलो होतो. आज वाटतं, लोकसंख्येच्या जोरावर निकाल लागू नये म्हणून हा नियम झकास होता.

त्याआधीच्या ‘वर्ल्ड आयडॉल’मध्ये नॉर्वेचा कुर्त निल्सन जिंकला, पण तेव्हा आपला ‘इंडियन आयडॉल’ सुरूच झाला नव्हता.

एशियन आयडॉल पुन्हा झालं नाही. तुमच्यापैकी कुणी तेव्हा मत दिलं होतं? दुसरं नाव कुणाचं टाकलं, ते खाली नक्की लिहा.