टोपीवरचं विमान जुनं, मग पंखा पण जुना?

आजचा विषय माझ्या डोक्यावरच आहे. निळी कॉटनची बेसबॉल कॅप, पुढे दोऱ्याने भरलेलं विमान आणि खाली नाव: व्हायकाउंट. पंख्यांची पाती दोऱ्यात नीट येत नाहीत, म्हणून तिथे नुसते चार गोल आहेत.

परवा आईचं हैदराबाद-कोल्हापूर तिकीट काढत होतो. विमान एटीआर 72. फोटो बघून ती म्हणाली, "अरे, हे तर तुझ्या टोपीवरच्यासारखं पंख्याचं! एवढ्या जुन्या विमानात मी नाही बसणार." इंजिनिअर असून मला पटकन उत्तर सुचेना. म्हणून हा भाग.

पंखा दिसला की विमान जुनं, असं आपण धरून चालतो. पण बघायचं असतं, पंखा फिरवतंय कोण? आधीच्या प्रवासी विमानांत पिस्टन इंजिन असायचं, बाइकसारखं. पिस्टन सतत पुढे-मागे, त्यामुळे हादरे. व्हायकाउंटने 1948 मध्ये पहिलं उड्डाण केलं ते रोल्स-रॉइसच्या डार्ट इंजिनांवर. हवा आत घ्यायची, दाबायची, इंधन जाळायचं आणि गरम वायूने टर्बाइन फिरवायचं. इथपर्यंत सगळं जेटसारखंच. पण इथे बहुतेक ताकद गिअरबॉक्समधून पंख्याला जाते. हेच टर्बोप्रॉप. हादरे इतके कमी, की प्रवासी टेबलावर नाणं कडेवर उभं करून बघायचे! 1957 पासून आपल्या इंडियन एअरलाइन्सकडेही व्हायकाउंट होती.

मग जेट आल्यावर पंखे गेले का नाहीत? कारण पंखा भरपूर हवा कमी वेगाने मागे ढकलतो. ताशी 500 किलोमीटरच्या आसपास उडायचं असेल, तर त्यात इंधन कमी लागतं. जवळच्या प्रवासात जेटच्या जादा वेगाने फारसा वेळ वाचतही नाही. म्हणजे एटीआरचा पंखा जुना म्हणून राहिलेला नाही, हिशोब करून ठेवलाय.

हे सगळं आईला सांगितलं. तिने एकच विचारलं, "खिडकीतून खालचं दिसेल ना?"

दिसेल. एटीआरचे पंख खिडक्यांच्या वर असतात. फक्त पंख्याजवळ आवाज जास्त येतो, म्हणून मागची खिडकी घेतली. तिकीट बुक झालंय.

तुमच्या घरी कोणी पंखा बघून घाबरत असेल, तर हा भाग त्यांना ऐकवा. भेटूच!