आधार दाखवले म्हणजे नागरिकत्व सिद्ध झाले का?

हिंगणघाटच्या जिनिंगपासून वीटभट्ट्यांपर्यंत वर्धा जिल्ह्यात परप्रांतीय मजूर राबतात. ‘बांगलादेशी शोधा’ मोहिमेची बातमी आली की ठेकेदार आधी आधार मागतो. मात्र आधार कायदा, 2016 च्या कलम 9 नुसार आधार हा नागरिकत्वाचा पुरावाच नाही. ऑगस्ट 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयानेही आधार, पॅन किंवा मतदार ओळखपत्र असल्याने कोणी नागरिक ठरत नाही, असे स्पष्ट केले. म्हणजे ठेकेदार तपासतो ती फक्त ओळख. अमेरिकेत मालकाला कामगाराचा कामाचा हक्क तपासण्यासाठी ‘ई-व्हेरिफाय’ ही सरकारी यंत्रणा आहे. आपल्याकडे तसे काही नाही. राहतो तो संशय, आणि तो भाषेवरून व नावावरून घेतला जातो.

परकीयांचा विषय केंद्राचा. पण संविधानाच्या अनुच्छेद 258 खाली हे अधिकार राज्यांकडे सोपवले आहेत, म्हणून कारवाईला येतात ते स्थानिक पोलीस. 1 सप्टेंबर 2025 पासून 1946 च्या कायद्याची जागा नव्या परकीय नागरिक कायद्याने घेतली. ‘मी परकीय नाही’ हे सिद्ध करण्याचा भार जुन्याप्रमाणे नव्यातही त्या माणसावरच आहे. ज्याच्या आईबापाकडे जन्मनोंद नाही, त्या मजुराने काय दाखवायचे?

हा प्रश्न काल्पनिक नाही. जून 2025 मध्ये महाराष्ट्रात पकडलेल्या पश्चिम बंगालच्या काही मजुरांना सीमेपार ढकलले गेले. ते भारतीय निघाले, आणि त्यांना परत आणावे लागले.

कार्यकर्त्यांनी अनुच्छेद 22 पाठ ठेवावा: अटकेचे कारण सांगणे, वकील भेटू देणे, 24 तासांत न्यायदंडाधिकाऱ्यापुढे हजर करणे. कोठडीतील व्यक्तीला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. उत्पन्नाची अट नाही.

आणि माणूस खरोखरच परदेशी निघाला तर? याचे उत्तर बौद्ध चकमांच्या खटल्यात आहे. चितगाव डोंगराळ भागातून 1964 च्या सुमारास आलेल्या चकमांना अरुणाचलमधून हुसकावण्याच्या धमक्या मिळत होत्या. 1996 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बजावले की अनुच्छेद 21 प्रत्येक माणसाचे संरक्षण करतो, नागरिक असो वा नसो. जमावापासून त्यांना वाचवणे राज्याचे कर्तव्य आहे. परत पाठवायचे तर कायद्याच्या वाटेने.