काळोखातला खेळ आणि आपले कान

डोळ्यांची तक्रार असली की माणसे लगेच दवाखान्यात येतात. पेपरातली बारीक अक्षरे दिसेनाशी झाली, सुईत दोरा ओवता येईना, की चष्म्याची चौकशी सुरू होते. कानांचे तसे होत नाही. ऐकू कमी येऊ लागले तर ‘हल्ली लोक पुटपुटतात फार’ असे म्हणत माणूस पाच-सात वर्षे सहज काढतो. म्हणून कानांविषयी लिहायचे निमित्त मिळाले की मी ते सोडत नाही. या वेळचे निमित्त म्हणजे मोबाइलवरचा एक खेळ.

खेळाचे नाव ‘डार्क इको’, म्हणजे काळोखातला प्रतिध्वनी. कॅनडातील ‘आरएसी सेव्हन’ या दोघाच जणांच्या चमूने तो २०१५ साली बाजारात आणला. मोठ्या कंपनीचे पाठबळ न घेता असे खेळ तयार करणाऱ्यांना ‘इंडी’, म्हणजे स्वतंत्र निर्माते म्हणतात. खेळात पडदा संपूर्ण काळा असतो. मधोमध दोन पावलांचे ठसे दिसतात, ते म्हणजे आपण. भिंत कुठे, वाट कुठे, काही दिसत नाही. पाऊल टाकले की त्याचा आवाज पांढऱ्या रेषांच्या रूपाने चहूकडे जातो, भिंतींवर आपटून परततो आणि क्षणभर खोलीचा आकार कळतो. पुन्हा काळोख. जोरात पाय आपटला तर रेषा लांब जातात. दबकत चालले तर पावलापुरतेच दिसते. पाण्याच्या रेषा निळ्या आणि धोक्याच्या लाल. असे ८० टप्पे आहेत.

खरा पेच पुढेच आहे. आवाज केल्याशिवाय वाट कळत नाही आणि आवाज केला की काळोखात दबा धरून बसलेले जे काही असेल त्याला आपला पत्ता लागतो. ते काय आहे हे शेवटपर्यंत दाखवत नाहीत. फक्त लाल रेषा आणि गुरगुर.

खेळणारे काय म्हणतात?

या खेळाविषयी खेळणाऱ्यांची मते मी कुतूहलाने गोळा केली. माझ्या दवाखान्यात येणाऱ्या मुलांपैकी काहींनी तो खेळलेला आहे. मीही दोन रात्री बसून थोडा खेळून पाहिला. मते साधारण चार प्रकारची आहेत. पहिले, ‘काहीच दिसत नाही, नुसत्या रेघा, तरी छातीत धडधडते.’ दुसरे, ‘हेडफोन लावल्याशिवाय यात मजा नाही.’ तिसरी तक्रार, ‘चुकत-माकत पुन्हा पुन्हा मरावे लागते, पुढे पुढे तेच ते वाटते आणि तरी सोडवत नाही.’ चौथे मत मात्र सहसा कोणी तक्रार म्हणून सांगत नाही. ‘बारीक आवाज पकडायला व्हॉल्यूम वाढवावा लागतो,’ असे मुले सहज बोलून जातात. माझ्या दृष्टीने हे चौथे मत सर्वांत महत्त्वाचे. पण क्रमाने जाऊ.

न दिसताच भीती का वाटते?

अंधारात भांडे पडले की आपण दचकतो. डोळे मिटतात, मान आखडते, खांदे वर येतात. ही प्रतिक्रिया विचार करून होत नाही. कानाकडून आलेला संदेश मेंदूच्या बुडाशी असलेल्या भागातून थेट स्नायूंकडे जातो. ‘मांजर असेल’ हे आपल्याला नंतर सुचते. १९९७ साली अमेरिकेत ग्रिलॉन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माणसांवर प्रयोग करून दाखवले, की तोच आवाज उजेडापेक्षा अंधारात ऐकवला तर दचकणे अधिक जोराचे असते. त्याच वेळी मूत्रपिंडावरच्या अधिवृक्क ग्रंथींतून ॲड्रिनॅलिन रक्तात उतरते, नाडी वाढते, तळहातांना घाम सुटतो. तेव्हा ‘नुसत्या रेघांना घाबरलो’ असे सांगताना कोणी लाजू नये. निरोगी शरीराचा हा धर्मच आहे. मात्र ही उत्तेजना अंथरुणात पडल्या-पडल्या अंगात भरून घेतली, तर झोप तासभर लांबली म्हणून तक्रार करण्यातही अर्थ नाही. ‘पुन्हा पुन्हा मरतो आणि तरी सोडवत नाही’ म्हणणाऱ्यांनी तर घड्याळ समोर ठेवूनच बसावे.

दोन कान कशासाठी?

हेडफोनचा आग्रह का, हेही समजून घेऊ. उजवीकडून आलेला आवाज उजव्या कानाला आधी आणि डाव्याला नंतर पोहोचतो. हा फरक जास्तीत जास्त एका सेकंदाच्या सुमारे दीड हजाराव्या भागाएवढा. शिवाय मध्ये डोके आडवे येत असल्याने डाव्या कानाला तो किंचित मंद ऐकू येतो. एवढ्या फरकावरून मेंदू दिशा ठरवतो. मोबाइलच्या एकाच स्पीकरमधून सगळा आवाज येतो तेव्हा हा फरक नाहीसा होतो. हेडफोनमध्ये तो राहतो. खेळणाऱ्यांचे म्हणणे रास्त आहे.

प्रतिध्वनीवरून वाट काढणे ही केवळ कल्पना नाही. वटवाघळे ते करतातच, पण काही अंध माणसेही जिभेने टकटक आवाज काढून समोर भिंत आहे की झाड हे ओळखतात. अमेरिकेतील डॅनियल किश हे त्यातले सुप्रसिद्ध नाव. २०११ साली कॅनडातील संशोधकांनी अशा दोन अंध व्यक्तींच्या मेंदूचे चित्रण केले. प्रतिध्वनी ऐकताना त्यांच्या मेंदूचा जो भाग जागा झाला तो एरवी पाहण्यासाठी वापरला जातो. २०२१ साली इंग्लंडमधील डरहॅम विद्यापीठाच्या अभ्यासात २१ ते ७९ वर्षांच्या अंध आणि डोळस लोकांना १० आठवडे शिकवले, आणि वयस्कर मंडळींनाही ही विद्या साधली. वय झाले म्हणून कान-मेंदूची जोडी शिकणे थांबवत नाही, हे माझ्या वयाच्या वाचकांनी ध्यानात घ्यावे.

एक गंमत मात्र सांगितली पाहिजे. आवाजावर चालणारा हा खेळ अंध माणसाला खेळता येत नाही, कारण रेषा पाहाव्या लागतात. त्यांच्यासाठी खेळ आहेत. जपानमध्ये केंजी इनो यांनी १९९७ मध्येच पडद्यावर चित्र नसलेला खेळ काढला होता आणि २०१५ मध्ये फ्रान्समधून ‘अ ब्लाइंड लेजेंड’ हा केवळ ऐकून खेळायचा खेळ आला. उलट ‘डार्क इको’त कानाला ऐकू आले नाही तरी डोळ्यांना रेषा दिसते. म्हणजे ऐकू कमी येणारा मुलगाही तो बऱ्यापैकी खेळू शकतो, आणि आपले ऐकणे कमी झाले आहे हे त्याला खेळताना कळत नाही. रस्त्यावर मागून येणाऱ्या ट्रकची रेषा मात्र कोणी काढून दाखवत नाही.

व्हॉल्यूम वाढवला की काय होते?

आता चौथ्या मताकडे वळू. मागे एक ताई आपल्या एकोणीस वर्षांच्या मुलाला घेऊन आल्या. मुलगा मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात कामाला. ताईंची तक्रार अशी, की “डॉक्टरसाहेब, हाक मारली की हा ‘काय, काय’ करतो. मुद्दाम करतो की काय, कळत नाही.” मुलाला बाजूला घेऊन विचारले तेव्हा तो म्हणाला, “रात्री पंखा बंद केला तरी कानात किर्र आवाज येतो.” किती दिवस? “तीन-चार महिने झाले असतील.” दिवसभर दुकानात गाणी आणि रात्री हेडफोन लावून खेळ, असा चार वर्षांचा क्रम. डार्क इको हा त्यातला एक. मग त्याने जे सांगितले ते मी टिपून ठेवले आहे. “माझा हेडफोन मित्राने लावला की तो लगेच काढतो. म्हणतो, केवढा मोठा ठेवलायस! मला तर तो बरोबर वाटतो.”

जिल्ह्याच्या ठिकाणी कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे पाठवून ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची मोजणी करून घेतली. दोन्ही कानांच्या आलेखात ४००० हर्ट्झच्या आसपास खड्डा होता. मोठ्या आवाजाने झालेल्या इजेची ही ओळखीची खूण. गिरणी कामगारांच्या आलेखांत डॉक्टर ती पूर्वीपासून पाहत आले आहेत.

असे का होते? आतल्या कानात गोगलगायीच्या शंखासारखा भाग असतो. त्यात प्रत्येक कानामागे सुमारे १५ हजार केसाळ पेशी असतात. आवाजाच्या लाटेने त्यांचे केस हलतात आणि मेंदूकडे संदेश जातो. मोठ्या आवाजाने हे केस मोडतात. कोंबडीच्या कानात अशा पेशी पुन्हा उगवतात. माणसाच्या उगवत नाहीत. आधी झीज होते ती बारीक, तीव्र स्वर ओळखणाऱ्या पेशींची. म्हणून स, श, फ, थ यांसारखी अक्षरे निसटतात. ‘आवाज येतो, शब्द कळत नाहीत’ ही तक्रार इथूनच सुरू होते. कानातील किर्र आवाज, ज्याला कर्णनाद म्हणतात, तोही याच वाटेने येतो.

या खेळावर मी खापर फोडत नाही. २०२४ च्या जानेवारीत ‘बीएमजे पब्लिक हेल्थ’ या नियतकालिकात १४ अभ्यासांचा आढावा प्रसिद्ध झाला. त्यांत ५० हजारांहून अधिक लोकांची माहिती होती. मोबाइलवरील खेळांचा सरासरी आवाज सुमारे ४३ डेसिबल, म्हणजे कमीच होता. गेमिंग सेंटरमध्ये मात्र तो ८० ते ८९ पर्यंत जात होता आणि खेळातील अचानक होणारे स्फोटासारखे आवाज ११९ पर्यंत पोहोचल्याची नोंद होती. धोका आहे तो या चढउतारात. डार्क इकोसारख्या खेळात बराच वेळ सारे शांत असते. पाण्याचा थेंब ऐकायला मुलगा व्हॉल्यूम वाढवतो, आणि त्याच व्हॉल्यूमवर एकदम गुरगुर कानावर आदळते. घरात पंखा, टीव्ही, बाहेर वरातीचा बँड असेल तर व्हॉल्यूम आणखी एक पायरी चढतो.

जागतिक आरोग्य संघटनेने घातलेली मर्यादा सोपी आहे. ८० डेसिबल आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंत चालेल. मुलांसाठी ७५ डेसिबल. त्यापुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा करायचा. म्हणजे ८३ ला २० तास, ८६ ला १०, ८९ ला ५ आणि ९२ ला केवळ अडीच तास, तेही पूर्ण आठवड्यात. गाणी, खेळ, चित्रपट सगळे मिळून.

त्या मुलाचे काय झाले, असे वाचक विचारतील. मोडलेले परत आणता आले नाही. हेडफोन बंद केल्यावर किर्र आवाज कमी झाला, पूर्ण गेला नाही. दर सहा महिन्यांनी मोजणी करतो. खड्डा अजून तेवढाच आहे, वाढलेला नाही. ताई आता समोर उभ्या राहून बोलतात आणि मुलगा मुद्दाम करत नव्हता हे त्यांना पटले आहे. या वयाच्या मुलासाठी एवढेही थोडके नाही.

हे लक्षात ठेवा

खेळा, पण शांत खोलीत खेळा, म्हणजे व्हॉल्यूम वाढवावा लागणार नाही. व्हॉल्यूम साठ टक्क्यांच्या वर नेऊ नका. हातभर अंतरावरच्या माणसाला तुमच्या हेडफोनमधला आवाज ऐकू आला तर तो जास्त आहे.

तासाभराने हेडफोन काढून दहा मिनिटे कानांना विसावा द्या. झोपण्यापूर्वीचा एक तास असले खेळ नकोत. रात्री दचकून उठणाऱ्या लहान मुलांना आणि छातीत धडधडण्याचा त्रास असणाऱ्यांना भीतीचे खेळ देऊ नयेत.

रस्त्यावर, सायकलवर, रेल्वे फाटकाजवळ कानात काही घालू नका.

कान कोरण्यासाठी काडी, पिन, किल्ली वापरू नका. कोमट तेल घालून किर्र आवाज जात नाही. पडद्याला भोक असेल तर नुकसानच होते.

खेळल्यावर कान बधिर वाटणे किंवा गुणगुणणे हा इशारा समजा. दुसऱ्या दिवशीही ते राहिले तर तपासून घ्या. एका कानाने अचानक ऐकू येईनासे झाले तर मात्र मळ असेल म्हणून वाट पाहू नका. त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञांना गाठा. पहिल्या दोन-तीन दिवसांत उपचार सुरू झाले तर गेलेले ऐकणे परत मिळण्याची आशा अधिक असते.

आणि पालकांनो, मुलगा ‘काय, काय’ करू लागला तर रागावण्याआधी एकदा त्याचा हेडफोन आपल्या कानाला लावून पाहा.