तीस दिवस, तीस मिनिटं आणि उरलेले अकरा महिने

२०१७च्या ऑक्टोबरमध्ये दुबईचे युवराज शेख हमदान यांनी अख्ख्या शहराला सांगितलं, तीस दिवस रोज तीस मिनिटं व्यायाम करा. ‘दुबई फिटनेस चॅलेंज’ या नावाने सुरू झालेल्या त्या मोहिमेत पहिल्याच वर्षी ७ लाख ८६ हजार लोक उतरले. २०२४पर्यंत हा आकडा २७ लाखांवर गेला. शेख झायेद रोड एरवी रस्त्यावरून पायी ओलांडता येत नाही. २०१९पासून बहुतेक वर्षी नोव्हेंबरातल्या एका सकाळी तोच रस्ता पळणाऱ्यांसाठी मोकळा होतो. मराठी मंडळी तिथे सहकुटुंब असतात, फेटे बांधूनसुद्धा.

मोहीम सुरू झाली त्याच्या आदल्या वर्षी, २०१६मध्ये, अमिरातीला आनंदाच्या खात्याच्या मंत्री मिळाल्या होत्या, ओहूद अल रूमी. आनंद, तंदुरुस्ती, उत्साह असे शब्द तेव्हा फलकाफलकांवर होते. नैराश्य हा शब्द मात्र घराबाहेर फारसा निघत नव्हता. त्याचं कारण सरळ होतं: इथला मुक्काम व्हिसावर आणि व्हिसा नोकरीवर. मानसोपचाराची फाईल उघडली आणि ती कंपनीपर्यंत पोहोचली तर, ही धास्ती खरी किती आणि ऐकीव किती, हे तपासायला कोण जातो? डॉक्टरकडे न जाता अल ममझरच्या किनाऱ्यावर किंवा अबू धाबीच्या कॉर्निशवर फेऱ्या मारणारे त्यामुळे पुष्कळ होते. चालण्याची कुठे नोंद होत नाही.

या चालण्याला वैद्यकीय आधार होताच. अमेरिकेत ड्यूक विद्यापीठाच्या जेम्स ब्लूमेंथल यांनी १९९९मध्ये पन्नाशी ओलांडलेल्या, नैराश्याच्या १५६ रुग्णांवरचा प्रयोग प्रसिद्ध केला. व्यायाम, सर्ट्रालीन हे औषध आणि दोन्ही मिळून अशा तीन गटांत सोळा आठवड्यांनंतर जवळपास सारखाच उतार पडला. २००७मध्ये त्यांचा २०२ जणांवरचा दुसरा प्रयोग प्रसिद्ध झाला. त्यात देखरेखीखाली गटाने व्यायाम करणाऱ्यांपैकी ४५ टक्के, घरी एकट्याने करणाऱ्यांपैकी ४० टक्के आणि औषध घेणाऱ्यांपैकी ४७ टक्के लोक आजारातून बाहेर आले. नुसत्या साखरेच्या गोळीवरही ३१ टक्के आले होते! व्यायामाचा गवगवा करणारे हा शेवटचा आकडा सहसा सांगत नाहीत. २०१२मधली ब्रिटनची चाचणीही ते गाळतात. तिथे ३६१ रुग्णांना भेटून आणि फोन करून हालचाल वाढवायला प्रोत्साहन दिलं. हालचाल वाढली, नैराश्य मात्र नेहमीच्या उपचारांपेक्षा जास्त कमी झालं नाही. वाचून मी तरी जरा खट्टू झालो.

पण खरी अडचण आकड्यांच्या अलीकडची आहे. नैराश्य आधी उठण्याची इच्छाच काढून घेतं. ज्याला अंथरुणातून बाथरूमपर्यंत जाणं डोंगराएवढं वाटतं, त्याला मोफत टी-शर्ट आणि मोबाइलवरची पावलांची मोजणी काय उठवणार? मोहीम उठलेल्या माणसांसाठी असते. उपचार सुरू होतो तो न उठलेल्या माणसापासून, आणि गेल्या आठ-नऊ वर्षांत इथे हे दोन्ही एकच समजले गेले.

दुसरी गफलत मजुरांबाबत झाली. या देशात शरीर सर्वांत जास्त कोण हलवतं? दुबईतल्या सोनापूरच्या मजूर कॅम्पातून पहाटे बसने निघणारा गवंडी, मोटारसायकलवरून जेवणाचे डबे पोहोचवणारा पोरगा. जूनच्या मध्यापासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावरचं काम बंद ठेवायचा नियम आहे. तो सोडला तर दिवसभर अंगमेहनतच. मग त्यांना नैराश्य यायला नको! अभ्यास वेगळं सांगतात: फावल्या वेळात, स्वतःच्या मर्जीने केलेल्या हालचालीचा मनाला जो फायदा दिसतो, तो पोटासाठी केलेल्या कष्टात दिसत नाही. सुट्टीच्या दिवशी कॅम्पाशेजारच्या वाळूत रंगणारा क्रिकेटचा सामना दमलेल्या अंगावर आणखी भार टाकतो, तरी त्यांच्या आठवड्यातला उपचार म्हणावा असा तोच तास. त्या मैदानांवर इमारती उभ्या राहिल्या की काय जातं, याचा हिशेब कुणी मांडलेला मला दिसला नाही.

एप्रिल २०२०मध्ये दुबईत चोवीस तासांची टाळेबंदी आली. परवानगीशिवाय बाहेर पडता येत नव्हतं. रमजानच्या तोंडावर बंधनं सैलावली तेव्हा घराजवळ, जास्तीत जास्त तिघांनी, तास-दोन तास व्यायामाला बाहेर पडायची मुभा मिळाली. किराणा आणि औषधांच्या रांगेत व्यायाम येऊन बसला. एका खोलीच्या घरांतून अवलंबित व्हिसावर आलेल्या किती बायका त्या दिवसांत इमारतीच्या जिन्यांवर चढ-उतर करत होत्या! घरच्यांना त्या ‘वजन वाढतंय’ एवढंच सांगत.

कायदा बदलायला २०२३ उजाडलं. १९८१च्या जुन्या कायद्याच्या जागी मानसिक आरोग्याचा नवा संघीय कायदा आला आणि ३० मे २०२४पासून लागू झाला. तज्ज्ञांच्या वैद्यकीय समितीच्या अहवालाशिवाय आजाराच्या कारणावरून नोकरी काढून घेता येणार नाही, अशी तरतूद त्यात आहे. माझ्या मते या सगळ्या काळातली सर्वांत मोठी ‘हालचाल’ हीच. दवाखान्याची पायरी चढायला बळ देणारा नियम झाला, तर फेऱ्या मारणं औषधाच्या जागी न येता औषधाच्या जोडीला येऊ शकतं. (चालणं सुरू केलं म्हणून गोळ्या आपल्या आपण बंद करणारे आजही भेटतात. तसं करू नये.)

२०२४च्याच फेब्रुवारीत ब्रिटिश मेडिकल जर्नलने २१८ चाचण्या आणि १४ हजारांहून अधिक रुग्णांचा एकत्रित आढावा छापला. चालणं-पळणं, योग, वजनं उचलणं यांचा उपयोग दिसला. नाचाचा परिणाम तर बराच मोठा दिसला, पण त्यातली माणसं अगदी थोडी होती. नृत्योपचार तसा जुना आहे. मॅरियन चेस या नर्तकीने १९४०च्या दशकात वॉशिंग्टनच्या सेंट एलिझाबेथ मनोरुग्णालयात तो रुजवला. तरी २०१५च्या कॉक्रेन आढाव्याला नैराश्यावरच्या जेमतेम तीन चाचण्या मिळाल्या, १४७ जणांच्या. आपल्याकडे गणपतीआधी दुबई-शारजात लेझीम आणि ढोल-ताशाच्या तालमी चालतात. त्यांना उपचार म्हणण्याची घाई मी करणार नाही. मात्र ठरलेला वार, ठरलेली वेळ आणि ‘आज का नाही आलीस गं?’ असं विचारणारं कुणी, हे तिन्ही तिथे आयतं मिळतं.

ऑगस्ट २०२५मध्ये दुबईने मॉलच सकाळी सात ते दहा चालणाऱ्यांना खुले केले, ‘मॉलेथॉन’ म्हणून. उन्हाळ्याचा प्रश्न तेवढ्यापुरता सुटला. उठवायला कोण येणार, हा तसाच राहिला.

त्याचं उत्तर मला आखातात नाही, गोव्यात सापडलं. गोव्यातलीही कितीतरी माणसं पोटासाठी आखातातच असतात, हा योगायोग. मानसोपचारतज्ज्ञ विक्रम पटेल आणि ‘संगत’ संस्थेने तिथल्या दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत तीव्र नैराश्याच्या ४९५ रुग्णांवर केलेला प्रयोग २०१७मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. सहा ते आठ भेटींत समुपदेशक रुग्णाबरोबर बसून ठरवायचे: उद्या काय करायचं, किती वाजता, कुणासोबत. शेजारणीकडे जाणं, थोडं चालून येणं, सुटलेलं एखादं काम पुन्हा हाती घेणं. गरज पडली तर भेट घरी जाऊन. तीन महिन्यांनी या गटातले ६४ टक्के लोक बरे झाले होते, नेहमीचेच उपचार मिळालेल्या गटातले ३९ टक्के. हे समुपदेशक मानसोपचारतज्ज्ञ नव्हते. आसपासचीच माणसं निवडून, शिकवून, त्यांच्या कामावर नियमित देखरेख ठेवून ते तयार केले होते. दुबईतल्या मराठी मंडळींकडे ढोल शिकवायला माणसं आहेत, नाटकाच्या तालमीला जागा आहे, हळदीकुंकवाच्या बायकांचे व्हॉट्सअॅप ग्रुप आहेत. अशी चार माणसं शिकवून तयार करायचं काम अजून कुणी अंगावर घेतल्याचं माझ्या कानावर आलेलं नाही.