केसलापूरच्या वाटेवर कॅमेऱ्याची बेगमी

पौष अमावास्येच्या रात्री आदिलाबाद जिल्ह्यातील केसलापूर येथे मेस्राम कुळातील गोंड बांधव गोदावरीचे जल आणून नागोबाची महापूजा मांडतात, तेव्हा त्या मंद प्रकाशात, शुभ्र वस्त्रे आणि गडद काळोख एकाच चौकटीत टिपू पाहणाऱ्याने केवळ जागा वाचविण्यासाठी जेपेग पत्करावे, हे मला तरी अविचाराचे वाटते. कारण जेपेग प्रत्येक रंगाच्या २५६ पातळ्या राखते, तर १४ बिटांची रॉ फाइल १६,३८४. चोवीस मेगापिक्सेलची अशी फाइल साधारणतः २५ ते ३० मेगाबाइटांची असते, म्हणजे ६४ गिगाबाइटांच्या कार्डात दोन हजारांच्या आसपास चित्रे मावतात, आणि वाटेत कुंतला धबधब्यापाशी बटण दाबून धरण्याचा मोह आवरला (मला तो आवरत नाही!) तर पुरतातही.

मुक्कामी पोहोचताच सारा ऐवज डिस्कवर उतरवावा, चार-दोन चित्रे मोठी करून रुजुवात घ्यावी, आणि दोन ठिकाणी नकला झाल्याखेरीज कार्ड फॉरमॅट करू नये. नीट जपली तर चित्रे दीर्घकाळ टिकतात: मानववंशशास्त्रज्ञ हायमेनडॉर्फ यांनी १९४० च्या दशकात याच मुलखातील गोंडांची फिल्मवर टिपलेली छायाचित्रे लंडनच्या सोआस संस्थेच्या दप्तरी आजही जतन केलेली आहेत.