संकेतस्थळाचे कुलूप : स्वयंचलित प्रमाणपत्र बंद करताना

आपल्या विद्यालयाचे प्रवेशअर्ज आता संकेतस्थळावरून भरता येतात. अर्जासोबत पालक मुलांचा जन्मदाखला, जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला पाठवतात. अशा वेळी मोबाईलवर ‘हे संकेतस्थळ सुरक्षित नाही’ अशी सूचना झळकली, तर त्यांनी काय करावे? पुढे जावे, तर कागदपत्रे कुणाच्या हाती पडतील याची शाश्वती नाही; थांबावे, तर प्रवेशाची मुदत निघून जाते. संकेतस्थळाची व्यवस्था पाहणाऱ्या आम्हा माजी विद्यार्थ्यांपुढे लोड बॅलन्सरवरील स्वयंचलित एसएसएल प्रमाणपत्र बंद करण्याचा प्रश्न आला, तेव्हा हाच पालक आमच्या डोळ्यांपुढे होता. आपल्यापैकी कित्येकजण विहारांची, मंडळांची, पतसंस्थांची संकेतस्थळे सांभाळतात. त्यांच्या उपयोगी पडेल म्हणून ही माहिती येथे देत आहोत.

पिंपरी-चाकण पट्ट्यातील कारखान्यांत काम केलेल्यांना मोजमापाच्या उपकरणावरचे कॅलिब्रेशनचे स्टिकर ठाऊक आहे. पुढील तपासणीची तारीख टळली, की व्हर्नियर कितीही अचूक असला तरी ऑडिटर तो बाजूला ठेवायला लावतो. तपासणारी प्रयोगशाळाही एनएबीएलची मान्यता असलेली लागते. एसएसएल प्रमाणपत्राचे तसेच आहे. (आज प्रत्यक्षात चालते ती टीएलएस पद्धत, जुने नाव मात्र सुटत नाही.) ब्राउझरला मान्य असलेली संस्था डोमेन कुणाच्या ताब्यात आहे ते पडताळून ठरावीक मुदतीचा दाखला देते, आणि त्या आधारावर मजकूर सांकेतिक रूपात ये-जा करतो. ही मान्यता किती नाजूक असते, हे आपल्या देशाने 2014 साली अनुभवले. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या प्रमाणपत्र-यंत्रणेतून गूगलच्या डोमेनसाठी अनधिकृत प्रमाणपत्रे निघाल्याचे त्या जुलैत उघड झाले आणि त्या केंद्राची मध्यस्थ प्रमाणपत्रे रद्द करावी लागली.

लोड बॅलन्सर म्हणजे भोजनगृहाच्या दाराशी उभे राहून मुलांना दोन-तीन रांगांत वाटून देणारा जागरूक विद्यार्थी. सर्व्हर अनेक असले तरी बाहेरचा प्रत्येकजण प्रथम त्याच्याकडेच येतो, म्हणून प्रमाणपत्रही बहुधा त्याच्याकडेच ठेवतात. बऱ्याच क्लाउड सेवा हे प्रमाणपत्र आपोआप मिळवतात व मुदत संपण्यापूर्वी बदलतात. 2015 च्या अखेरीस सर्वांसाठी खुल्या झालेल्या ‘लेट्स एन्क्रिप्ट’ या ना-नफा उपक्रमामुळे हे विनामूल्य झाले. त्यांची नेहमीची प्रमाणपत्रे 90 दिवसांची असतात.

मग चांगले चाललेले बंद का करायचे? काही सेवांत या सोयीसाठी डोमेनची डीएनएस व्यवस्था, म्हणजे नावावरून पत्ता सांगणारी नोंदवही, त्याच कंपनीकडे सोपवावी लागते. शिवाय लोड बॅलन्सर मुख्य नावासमोर स्वतःचा पत्ता परस्पर लिहून टाकतो. आपल्या विद्यालयाचे ईमेल आणि डोमेनची नोंदवही दुसरीकडे आहे. ती वही हातची सोडायची नाही, असे आम्ही ठरवले. येथे एक खुलासा आवश्यक आहे. डीएनएस नोंदी आपोआप लिहिणे बंद करणे, प्रमाणपत्र आपोआप मिळवणे बंद करणे आणि सुरक्षित जोडणीच बंद करणे, या तीन निरनिराळ्या गोष्टी आहेत. पहिलीने काम भागत असेल तर दुसरीला हात लावू नये. तिसरी कधीच करू नये.

दुसरी करायचीच झाली, तर जुने काढण्यापूर्वी नवे बसवावे. नव्या प्रमाणपत्रात ‘डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू’सह आणि त्याविना अशी दोन्ही नावे हवीत. डीएनएसमध्ये सीएए नोंद असल्यास ती आधी पाहावी. अमुक संस्थेनेच प्रमाणपत्र द्यावे असे ती सांगते, आणि 2017 पासून सर्व मान्य संस्थांना ती तपासणे बंधनकारक आहे. त्यानंतर प्रमाणपत्र, खासगी किल्ली आणि मध्यस्थ प्रमाणपत्र ही तिन्ही लोड बॅलन्सरवर चढवून 443 क्रमांकाच्या पोर्टला जोडावीत. मध्यस्थ प्रमाणपत्र हमखास राहून जाते, आणि गंमत अशी की संगणकावरचे ब्राउझर ते स्वतः शोधून आणतात, त्यामुळे कार्यालयात सारे ठीक दिसते. गावाकडच्या पालकाच्या जुन्या अँड्रॉइड फोनवर मात्र तीच सूचना झळकते. म्हणून तपासणी साध्या मोबाईलवर, विद्यालयाचे वायफाय बंद करून करावी. सारे नीट दिसले की मगच स्वयंचलित प्रमाणपत्र सोडवावे. एचएसटीएस लागू असलेल्या संकेतस्थळावर चूक झाली, तर ‘तरीही पुढे जा’ हा पर्यायदेखील ब्राउझर देत नाही.

यानंतर तारखेची जबाबदारी आपल्यावर येते, आणि हीच बाब आम्हाला सर्वांत जड वाटली. स्वयंसेवक बदलतात, नोकरीनिमित्त परगावी जातात. त्यातच ब्राउझर आणि प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थांच्या मंचाने एप्रिल 2025 मध्ये प्रमाणपत्रांची कमाल मुदत टप्प्याटप्प्याने घटवण्याचे ठरवले : 15 मार्च 2026 पासून 200 दिवस, 2027 मध्ये त्याच तारखेपासून 100 दिवस आणि 2029 मध्ये अवघे 47 दिवस. दर दीड महिन्याला हे काम हाताने करू, असे कुणी म्हणत असेल तर त्याने ते म्हणू नये. आम्ही लोड बॅलन्सरची स्वयंचलित सोय बंद केली, पण तिच्या जागी आपल्याच सर्व्हरवर छोटी आज्ञावली ठेवली. ती डीएनएसमध्ये पडताळणीची तात्पुरती नोंद करते, नवे प्रमाणपत्र आणते आणि लोड बॅलन्सरवर चढवते. ती अडखळल्यास तिघांच्या मोबाईलवर संदेश जातो.

वसतिगृहाच्या कोठीची किल्ली जुन्या विद्यार्थ्यांना आठवत असेल. ती एकाच्याच कनवटीला असली, की तो गावी गेल्यावर स्वयंपाक खोळंबे. म्हणून डोमेन, लोड बॅलन्सर व प्रमाणपत्र यांच्या खात्यांचा ताबा प्रत्येकी दोघांकडे ठेवला आहे. ती खाती कोणाकडे आहेत आणि प्रमाणपत्राची मुदत कधी संपते, हे कार्यालयातील जाड नोंदवहीत शाईने लिहिलेले आहे. पासवर्ड मात्र त्या वहीत नाहीत.