गिधाडांची विलंबित लय

आमच्या लहानपणी ग्वाल्हेरच्या वेशीबाहेर मेलेली गुरे टाकण्याची एक जागा होती. कातडे सोलणारा माणूस दूर झाला की आकाशातून गिधाडे उतरत आणि पाहता पाहता तेथे नुसता हाडांचा सापळा उरे. आम्ही मुले नाक दाबून ती पंगत दुरून पाहत असू. आज त्या बाजूला कुत्र्यांच्या टोळ्या फिरतात. गेल्या पावसाळ्यात माझ्याकडे गाणे शिकणाऱ्या एका मुलाला त्यांतल्याच एकाने चावा घेतला. सुया टोचून घेऊन तो आठ दिवसांनी तंबोऱ्यापाशी येऊन बसला, तेव्हा मला ती जुनी पंगत आठवली.

एखाद्या जीवजातीची संख्या कशाने आवरली जाते? आपण सहज म्हणतो, अन्नाने. गिधाडांच्या बाबतीत हे उत्तर पुरे पडत नाही. मेलेल्या गुरांची वाण आपल्या देशात नव्हती. तरीही 1990 नंतर भरतपुरास गिधाडे माना टाकून मरू लागली. पांढऱ्या पाठीची गिधाडे भारतात 1992 ते 2007 या पंधरा वर्षांत हजारास एक या प्रमाणात उरली. कारण 2004 साली पाकिस्तानातील संशोधनाने उघड केले. गुरांना वेदनाशामक म्हणून डायक्लोफेनॅक देत. औषध घेतलेले जनावर लगेच मेले, तर मांसावाटे ते गिधाडांच्या पोटी जाई आणि त्यांची मूत्रपिंडे निकामी होत.

नवल असे की, शंभरांत एकाहूनही कमी मृत जनावरे अशी विषारी असली, तरी एवढ्या संहारास ती पुरेशी होती. एका जनावरावर पुष्कळ गिधाडे जेवतात, हे एक कारण. दुसरे कारण त्यांची लय. गिधाड पाचव्या वर्षाच्या सुमारास वयात येते, वर्षाला एकच अंडे घालते आणि दीर्घायुष्याच्या भरवशावर वंश राखते. हा विलंबित ख्याल आहे. मृत्यूने लय वाढवली की जन्माला ती गाठता येत नाही. कुत्रीचे सारे द्रुत लयीत: दोन महिन्यांचा गर्भ, चार-सहा पिले, आणि तीही वर्षभरात वयात येणारी. तिला आवर होता तो मुख्यतः अन्नाचा. गिधाडे गेली आणि ताट मोकळे झाले. शहराचा उकिरडा तर तिला पोसतोच. जे अन्न एकाला कधी कमी पडले नाही, त्याच अन्नाच्या टंचाईने दुसऱ्याला वेसण घातली होती!

जनावरांसाठी डायक्लोफेनॅक 2006 साली बंद झाले; 2023 साली अॅसिक्लोफेनॅक आणि केटोप्रोफेन यांवरही बंदी आली. मेलॉक्सिकॅम हे गिधाडांना न बाधणारे औषध उपलब्ध आहे. हरियाणात पिंजोरला गिधाडांची पैदासही केली जाते. परंतु वर्षाला एक अंडे, ही लय कोणत्याही सरकारी हुकमाने वाढायची नाही.

जटायूची कथा आपण मुलांना सांगतोच. ज्यांच्या दारी गाईगुरे आहेत, त्यांनी डॉक्टर सुई भरू लागले की बाटलीवरचे नावही वाचावे, एवढीच विनंती.